सिलिका पाण्यातली की बाटलीतली?

सोमवारी आमच्या लॅबमध्ये चाकणच्या एका कारखान्याचा फीड वॉटरचा, म्हणजे बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा, नमुना तपासायला लावला. सिलिका आली 46 पीपीबी (अब्जात 46 भाग). त्यांची मर्यादा 20. मंगळवारी खात्रीसाठी त्याच बाटलीतून पुन्हा लावला, तर 63. तिकडून फोन आलाच होता, "साहेब, मिक्स्ड बेडचं रेझिन गेलं का? ऑर्डर टाकायची का?" मिक्स्ड बेड म्हणजे पाण्यातले क्षार आणि सिलिका पकडणाऱ्या रेझिनच्या मण्यांची टाकी.

"दोन दिवस थांबा," म्हटलं. चूक कुठलीही असली तरी बंद बाटलीतली सिलिका आपोआप वाढत नाही.

आमच्या लॅबमधल्या मुलीने पद्धत चोख पाळली होती. 50 मिली नमुना, त्यात एकास एक हायड्रोक्लोरिक आम्ल 1 मिली आणि अमोनियम मॉलिब्डेट 2 मिली, सहा वेळा उलटसुलट करून 5 ते 10 मिनिटं थांबायचं. मग ऑक्झॅलिक आम्ल 2 मिली. हे फॉस्फेटचा रंग मारतं, पण रेंगाळलात तर सिलिकाचाही रंग खायला लागतं. म्हणून दोन मिनिटांनी लगेच निळा रंग आणणारं रिड्युसर, आणखी 5 मिनिटं, आणि 815 नॅनोमीटरला निळा रंग वाचायचा. इतक्या कमी सिलिकेला 1 सेंटिमीटरची सेल (रंग वाचायची पारदर्शक कुपी) कामाची नाही, तिने 5 ची लावली होती. ब्लँकही, म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तीच चाचणी, स्वच्छ.

फसवलं ते त्या ब्लँकनेच. ब्लँकचं पाणी आमच्या प्लॅस्टिकच्या कॅनमधलं, नमुना मात्र शनिवारी काचेच्या बाटलीत भरलेला. तोही नमुना गार करणाऱ्या कूलरशिवाय, गरमागरम, अमोनियामुळे पीएच 9 च्या वर. काच म्हणजे मुळात सिलिकाच. गरम अल्कली पाणी तिला हळूहळू विरघळवत राहतं. ब्लँक रिएजंटची, म्हणजे चाचणीच्या रसायनांची, हमी देत होता, बाटलीची नव्हे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1768-69 मध्ये याच प्रश्नासाठी काचेच्या बंद पेलिकन पात्रात (यात वाफ गार होऊन पुन्हा आतच पडते) 101 दिवस पाणी तापत ठेवलं. पाण्याची माती होते, असं तेव्हा मानत. शेवटी पात्र आणि पाणी यांचं एकत्र वजन तेवढंच राहिलं, पण रिकामं पात्र सुमारे 17 ग्रेनने (ग्रेन हे तेव्हाचं वजनाचं छोटं माप) हलकं झालं होतं. माती काचेतूनच आली होती. सगळं पाणी आटवून मिळालेला गाळ मात्र 20 ग्रेनच्या आसपास भरला, म्हणजे आकडे तंतोतंत जुळले नाहीत. तरी ते त्याने तसेच मांडले. पात्राचंही वजन करायचं, हे त्याला सुचलं. आम्हाला बाटलीकडे बघायला मंगळवार उजाडावा लागला.

नवीन नमुना दोन बाटल्यांत मागवला, एक पॉलिथीनची, एक त्यांची नेहमीची. तीन दिवस रोज वाचन. पॉलिथीन 14, 14, 15. काच 17, 31, 44. रेझिन ठणठणीत होतं.

आमच्याकडे काट्याचं, पिपेटचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र फायलीत लागतं, ऑडिटर तेच बघतो. नमुना कशात आला, याला रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. गुरुवारी पट्टीने आखून घातला.

मागच्या पावसाळ्यात याच कारखान्याचा असाच रिपोर्ट आमच्याकडून गेला होता, सिलिका जास्त. त्यांनी एक बेड बदलला. तो नमुना कोणत्या बाटलीत आला होता, हे आता कुणालाच आठवत नाही.