पठ्ठ्याचा अकरा दिवसांचा उपास

जानेवारीत आमच्या ब्रेमेनच्या घरात अकरा दिवस एकच प्रश्न होता: पठ्ठ्याने काही खाल्लं का?

पठ्ठ्या म्हणजे लेपर्ड गेको. अडीच महिन्यांचं पिल्लू, माझ्या करंगळीपेक्षा थोडं लांब, पिवळं, अंगावर काळे आडवे पट्टे. मोठेपणी हे पट्टे विरतात आणि ठिपके येतात, पण लेकीने पट्टे बघूनच नाव ठेवलं. नर की मादी हे इतक्या लहान वयात कळत नाही. अंडी किती उबेत ठेवली यावर ते बरंचसं ठरतं म्हणे. आम्ही आपला 'तो' धरून चाललोय.

घरी फोनवर सांगितल्यावर आत्या म्हणाली, "अगं, पाल अंगावर पडली तर आपण डोक्यावरून आंघोळ करतो, आणि तुम्ही पैसे देऊन आणलीत?" मी तेव्हा गप्प बसले, इथे उत्तर देते. हो, पालीच्याच गोतातला आहे. पण भिंतीवर चढत नाही, कारण बोटांना चिकटणारी गादी नसते. आणि आपल्या घरातल्या पालीला नसतात त्या पापण्या याला आहेत. तो डोळे मिटून झोपतो. याचं मूळ अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्येकडच्या कोरड्या खडकाळ मुलखात. याचा सख्खा भाऊबंद महाराष्ट्र-गुजरातच्या माळांवर राहतो, आणि 2014 साली सातपुड्यातून आणखी एक नवी जात जगापुढे आली, ती शोधणाऱ्यांत झीशान मिर्झा आणि राजेश सानप ही आपली मुंबईची माणसं होती. त्यामुळे 'तिकडे गेल्यावर काय काय पाळायला लागले' या बोलण्याचा मला राग येतो. प्राणी आपल्याच बाजूचा आहे. आपल्या रानातला धरून घरी ठेवणं कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. इथे मिळतात ती पिढ्यान् पिढ्या घरातच वाढवलेली पिल्लं.

ज्यांच्याकडून आणला त्यांनी लेकीच्या हातात डबा देण्याआधी माझी सही घेतली. सोळा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय पाठीचा कणा असलेला कुठलाही प्राणी देता येत नाही, असा इथला कायदा आहे. मला हे फार आवडलं. 2002 पासून प्राण्यांचं रक्षण इथल्या राज्यघटनेत आहे, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. मग मीही सांगितलं की आमच्या घटनेत सजीवांविषयी दया बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून 1976 पासून लिहिलेलं आहे. ते खरंच चकित झाले. त्या दिवशी घरी येताना ट्राममध्ये मी ताठ बसले होते.

त्यांनी एक चिठ्ठी दिली: वजन 9.4 ग्रॅम, रोज पाच-सहा लहान रातकिडे, रात्री.

पहिल्या रात्री मी दहा सोडले. वाटलं, नवीन घर आहे, भरपूर असावं. सकाळी पाहिलं तर दहाच्या दहा फिरत होते आणि एक चक्क त्याच्या पायाच्या बोटांशी तोंड लावून होता. भुकेले किडे निजलेल्या पिल्लाला चावतात, हे मला माहीत नव्हतं. त्या गुलाबी बोटावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. तो पाहून पोटात कसंतरी झालं.

नंतर दुकानात गेले तर तिथल्या माणसाने मोठ्या किड्यांचा डबा दिला. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर, तेवढ्याच जाडीचा किडा द्यायचा असतो. हे तर पठ्ठ्याच्या डोक्याएवढे. त्यातला एक निसटून फ्रिजमागे गेला. बदलून लहान आणले, गाजराचा कीस आणि पालेभाजी खाऊ घालून, कॅल्शियमची पूड चोळून एकेक सोडले. पठ्ठ्या त्यांच्याकडे पाहून डोळे मिटायचा.

आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही, देवघराच्या खोलीशेजारी जिवंत किड्यांचा डबा ठेवणं मला सोपं गेलं नाही. पण त्याचा आहार तो आहे. आपला आहार त्याच्यावर लादणं हे मला जास्त वाईट वाटतं.

आणि मग मी तेच केलं जे आपण सगळ्या करतो. दर तासाला त्याचं दगडाचं घर उचलून बघितलं. चिमट्यात किडा धरून तोंडापुढे हलवला. लेक लहान असताना चिऊचा घास, काऊचा घास करत दीड-दीड तास मागे फिरले होते, तोच हात होता तो. तो मागे सरकायचा, शेपूट वर करून थरथरवायचा. एकदा तर तोंड उघडून किंचाळला, एवढ्याशा जिवाचा केवढा तो आवाज! मी घाबरवत होते त्याला.

गुरुवारी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. वजन 9.0. त्यांनी तोंड पाहिलं, शेपूट दाबून पाहिली. या प्राण्याची चरबी शेपटीत साठते, ती जाड असेतो धीर धरता येतो. मोठा गेको काही आठवडे सहज काढतो, पिल्लाला तेवढी सवड नसते. 'बळजबरीने भरवू नका, जबड्याला इजा होते. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर लगेच घेऊन या. तळाचं तापमान किती आहे?' मी म्हटलं, तीस. काचेवर चिकटवलेल्या थर्मामीटरवर तीस दिसत होतं, म्हणून तीस.

वजनासाठी सोनाराच्या काट्यासारखा लहान काटा मागवला, स्वयंपाकघरातल्या काट्याला एका ग्रॅमखालचं कळत नाही. शनिवारी रात्री 8.8.

त्याच रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. आईला पालीची किळस आहे, ती पडद्याकडे बघतही नव्हती, पण ऐकत होती. म्हणाली, "पोटातला अग्नी मंद झालाय त्याचा. ऊब नसेल तर अन्न कसं जिरणार? आणि जिरणार नाही ते तो खाईल कशाला? तापातून उठलेल्याला आपण आधी शेक देतो आणि मगच पेज." मी म्हटलं, आई, तीस आहे. तरी तिचं ते वाक्य डोक्यात राहिलं.

आता रविवारविषयी. सहा वर्षं झाली, या देशाचा रविवार माझ्या अंगवळणी पडत नाही. लहान किडे शनिवारी रात्रीतून मेले. डब्यात ओल धरली की ते पटापट मरतात. आणि सकाळी सगळी दुकानं बंद. किराणा, अवजारं, प्राण्यांचं सामान, सगळं. रविवार हा कामाच्या विश्रांतीचा आणि 'मनाच्या उन्नतीचा' दिवस म्हणून कायद्याने जपलाय, 1919 च्या वायमारच्या घटनेतलं ते कलम 1949 च्या घटनेत जसंच्या तसं उचललंय. लोक गर्वाने सांगतात. मला समजतं, दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईलाही घर आहे. आपल्याकडे किराणावाले काका आणि त्यांचा मुलगा कधी सुटी घेतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी एका शब्दाने त्यांना विचारलं नाही, मीही नाही. तरीसुद्धा. औंधला असते तर ब्रेमेन चौकापर्यंत चालत जाऊन (हो, पुण्यात या गावाच्या नावाचा चौक आहे, इथल्या लोकांना सांगितलं की आनंद होतो) हवं ते घेऊन आले असते, नाहीतर शेजारच्यांचं दार वाजवलं असतं. इथे एक जीव दिवसागणिक हलका होतोय आणि पूर्ण शहराने मनाची उन्नती करायला घेतलीय. त्या सकाळी मी रडले. थोडी पठ्ठ्यासाठी आणि थोडी अशीच.

त्यात फ्रिजमागचा रातकिडा आदल्या रात्री बोलायला लागला होता. लहान किड्यांना पंख नसतात, ते गप्प असतात. हा मोठा नर. कऱ्हाडजवळच्या आजोळी जूनमध्ये दिवे गेले की हाच आवाज यायचा, सगळ्या अंगणातून, पहिल्या पावसाच्या वासासकट. बाहेर दोन अंश तापमान आणि स्वयंपाकघरात आजोळ. मी अंधारात स्टुलावर बसून ऐकत राहिले. त्याला पकडायला हवं होतं, पण पकडला नाही.

म्हणून रविवारी अकराला बेल वाजली आणि दारात खालच्या मजल्यावरच्या आजी दिसल्या तेव्हा मी आधीच माफीचं वाक्य जुळवलं. रविवार म्हणजे शांतता, ड्रिलसुद्धा चालत नाही. आजी म्हणाल्या, "तुमच्याकडे हाइमशेन आहे ना? मी पाइपमधून ऐकलं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या बेकरीत भट्टीमागे असायचे. किती वर्षांनी ऐकला!" हाइमशेन म्हणजे घरातला रातकिडा. त्यांना तो आवाज पुन्हा ऐकायचा होता.

चहा टाकला, सगळं सांगितलं. त्या तडक काचेच्या पेटीपाशी गेल्या, पेटीवरच्या खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "ल्यूफ्टन कुठली खिडकी उघडून करता?"

ल्यूफ्टन म्हणजे हवा बदलणं. आमच्या भाडेकरारातच आहे: रोज दोनदा खिडक्या सताड उघडायच्या, म्हणजे भिंतींना बुरशी धरत नाही. मी नियम पाळणारी बाई. जानेवारीतसुद्धा सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं घड्याळ लावून उघडत होते, आणि पेटी त्याच खिडकीखाली.

आजी खाली जाऊन पिस्तुलासारखं थर्मामीटर घेऊन आल्या. कुठल्या भिंतीवर बुरशी धरेल हे पाहायला त्यांनी घेतलेलं. लाल ठिपका पठ्ठ्याच्या घरातल्या जमिनीवर पडला आणि आकडा आला 25.4. पुन्हा केलं. 25.1. काचेवरचं थर्मामीटर काचेचीच ऊब दाखवत होतं, जमिनीची नाही. पठ्ठ्याचं पोट मात्र जमिनीवर टेकतं, आणि याचं अन्न पोटाखालच्या उबेवर जिरतं. खाली तापणारी चटई होती, पण तिच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर मी थेट चटईलाच लावलेला. चटई 32 झाली की बंद, वर मात्र काच आणि पाच सेंटिमीटर मातीचा थर. ऊब वर पोचतच नव्हती.

आईचं वाक्य आठवलं. पालीकडे न बघता तिने दोन हजार नाही, साडेसहा हजार किलोमीटरवरून सांगितलं होतं ते. मी सोनाराचा काटा आणला, कॅल्शियम चोळलं, आणि आईला म्हटलं, तीस आहे. डॉक्टरांनीही तेच विचारलं होतं. मी नीट उत्तर दिलं नाही, हा दोष माझा.

फरशीचा एक तुकडा हवा होता. दुकानं बंद. आजींच्या तळघरात त्यांच्या न्हाणीघराची उरलेली काळी फरशी निघाली. माती खरवडली, फरशी ठेवली, सेन्सर फरशीवर आणला, पेटी आतल्या भिंतीशी नेली, तीन बाजूंना तपकिरी कागद लावला. दुसऱ्या टोकाला ओलं शेवाळ घालून एक डबी ठेवली, कात टाकायला. दुपारी तीनला फरशी 31.8. संध्याकाळचं वजन 8.7. आणि मग आम्ही ठरवलं, मंगळवारपर्यंत त्याला कुणी बघायचंही नाही. ते सगळ्यात अवघड होतं. चिमटा मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला.

सोमवारी फरशीवर पांढरट कातीचा एवढासा कपटा दिसला, बाकी त्याने खाल्ली होती. ते कात खातातच.

मंगळवारी रात्री साडेदहाला लेकीने हाताच्या खुणेने बोलावलं. एकच लहान किडा सोडला होता. पठ्ठ्या फरशीवरून उठला, मान खाली घातली, तिरकी केली. शेपटीचं टोक मांजरासारखं वळवळायला लागलं. किडा थांबला. तोही थांबला. मग एक पाऊल, त्याहून हळू दुसरं, आणि काय झालं ते दिसलंच नाही, फक्त 'कट्' असा आवाज आला. दोन मिशा तोंडाबाहेर. गिळताना त्याने दोन्ही डोळे गच्च मिटले आणि मग जिभेने ओठ पुसले. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्या रात्री त्याने तीन खाल्ले, चौथा मी दिला नाही.

काही जण म्हणतील, उगाच केवढं मनावर घेतलं. घेतलं. दारातलं कुत्रं उपाशी राहिलं तर माझी आजी भाकरी खाली ठेवायची, तिला कुणी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आता फेब्रुवारीअखेर वजन 13.6 आहे, फ्रिजवर चौकटीच्या कागदावर लेक रोज लिहिते. ल्यूफ्टन आम्ही करतो, दुसऱ्या खोलीतल्या खिडकीतून. रातकिड्यांचे डबे शनिवारीच दोन आणते, दूध-पावासोबत.

पठ्ठ्याने खाल्लं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, थर्मामीटर परत द्यायला गेले होते, सोबत तिळाच्या लाडवांचा डबा. मी काही बोलायच्या आत आजींनी विचारलं, "हाट एर गेगेसन?" जर्मनमध्ये माणसं खातात त्याला 'एसन' म्हणतात, जनावरांसाठी 'फ्रेसन' हा निराळा शब्द आहे, आणि आजी शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर. लेकीला दोनदा दुरुस्त केलंय त्यांनी याच शब्दावर. पण पठ्ठ्याबद्दल विचारताना त्यांच्या तोंडी तो माणसांचाच शब्द आला. आपल्या भाषेत, जेवला का?

"हो, जेवला," मी म्हटलं.