भिंगरीची नोंद 4: उजवी बाजू

रविवारी भिंगरीने, मेंढ्या वळवायला शिकणाऱ्या माझ्या कुत्रीने, ‘अवे’वर (म्हणजे मेंढ्यांना माझ्या उजवीकडून वळसा घाल) पूर्ण गोल मारला! एकही मेंढी फुटली नाही. पाचही जणी थेट माझ्या गुडघ्याशी आल्या आणि मी इतकी हरखले की ‘बस’ म्हणायचंच राहिलं. पलीकडे बरोबर माझ्या समोर येऊन ती आपणहूनच बसली.

मागच्या नोंदीत मी रडगाणं गायलं होतं, ते आठवत असेलच. ‘कम बाय’ला (म्हणजे डावीकडून वळसा) कंपासने काढल्यासारखं वर्तुळ, आणि ‘अवे’ म्हटलं की तिसऱ्याच सेकंदाला मेंढ्या चौखूर. कुत्र्याची एक बाजू कच्ची असतेच, असं सगळे सांगत होते, मीही तेच धरून बसले. सव्वा महिना तिला मेंढ्यांपासून बाहेर ढकलण्यात गेला. लाँग लाइन (पट्ट्याला लावायची लांब दोरी) झाली, काठी झाली. (काठीच्या टोकाला शेवेचं रिकामं पाकीट बांधा, फडफडाट छान होतो. इंदूरात पाकिटांची काय कमी!) ऑनलाइन मागवलेल्या लाइनचं हूक दुसऱ्याच दिवशी उघडलं, पैसे अजून परत आलेले नाहीत. आता सियागंज बाजारातून घेतलेली साधी सुती दोरी वापरते. हात कापत नाही, वजनही बेताचं.

उलगडा झाला आजीमुळे. मी सरावाचे व्हिडिओ नेहमी आवाज बंद करून बघते, दुपारी घरात सगळे झोपलेले असतात म्हणून. त्या दिवशी आवाज चुकून चालू राहिला आणि आजी म्हणाली, “अगं, ही कोकरं कुणाची रडताहेत?”

कोकरं! इंदूरजवळ सिमरोलच्या अलीकडे, गहू निघालेल्या शेतात मारवाडहून आलेल्या मेंढपाळ बाबांचा वाडा बसलाय. मेंढ्यांच्या लेंड्यांचं खत शेतकऱ्याला हवंच असतं. माझ्यासाठी बाबा मुद्दाम लेकुरवाळ्या मेंढ्या काढून देतात, कारण कुत्र्याला बिचकल्या तरी त्या लांब पळत नाहीत. कशाला पळतील? पिल्लं वाड्यात, वाडा पूर्वेला, आणि मी रोज उत्तरेकडे तोंड करून उभी. म्हणजे सगळी ओढ माझ्या उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी जाऊन धुळीतले पंजे बघितले. भिंगरीचं वर्तुळ उजवीकडेही गोलच होतं! आत ती घुसत नव्हती, मेंढ्याच सरकत सरकत तिच्या अंगावर येत होत्या. अंतर संपलं की त्या फुटणारच. मी मात्र सव्वा महिना कुत्रीला रागावत होते.

खात्री करायला रविवारी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिले. ‘अवे’ लोण्यासारखं, आणि ‘कम बाय’ला धांदल. बाबा बिडी ओढत बघत होते. म्हणाले, “गाडर तो घर ही जाएगी, बेटा.” (गाडर म्हणजे मेंढी.) एवढं मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? पण मीही कधी विचारलं नव्हतं.

थोडं अवांतर. मल्हारराव होळकर 1693 चे, लहानपणी तळोद्याला मामाच्या मेंढ्या राखायचे. मेंढ्या राखणाऱ्या आजच्या बॉर्डर कॉली कुत्र्यांचा मूळपुरुष मानला जाणारा कुत्रा, ओल्ड हेम्प, 1893 चा. बरोबर दोनशे वर्षांचा फरक! ह्याचा भिंगरीच्या ‘अवे’शी काडीचा संबंध नाही, पण होळकरांच्या गावात मेंढ्या हाकताना असलं काहीतरी सुचतंच.

पुढच्या वेळी बाबांकडून कोकरं नसलेल्या मेंढ्या मागायच्या, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? वाडा माझ्या पाठीशी येईल अशी उभी राहिले तर ओढ माझ्याचकडे येईल, मेंढ्या अर्ध्या आपणहून येतील आणि भिंगरीला मागून नुसतं सावरायचं काम उरेल. चौदा महिन्यांच्या पोरीला एवढी सवलत चालेल. कोकरं नसलेल्या मेंढ्या मेमध्ये बघू, तोवर बाबा इथे असले तर.

जंताचं औषध दिलंय. तुम्हीही विसरू नका. मेंढीची आतडी-कोथळा कुत्र्याच्या तोंडी लागला की त्याला पट्टकृमी होतात आणि ते माणसालाही भोवतात.

रविवारी साडेसहाला वाड्यावर. सातनंतर ऊन चढतं, आणि ही थांब म्हटलं तरी थांबत नाही.