चुंबक, पुट्टी आणि लाल एमजीबी

आज अमळनेरला जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला गेलो. 1967ची, लाल, उघड्या टपाची. कापसाच्या गोदामात उभी होती. ताडपत्री ओढली आणि माझं मन तिथंच घसरलं.

सोबत पारोळ्याचे आमचे गॅरेजवाले आप्पा. त्यांनी बॉनेटकडे बघितलंही नाही. थेट उकिडवे बसले आणि रुमालात गुंडाळलेलं चुंबक दाराखालच्या पट्टीवरून फिरवत राहिले. पुढे चिकटलं, मागच्या चाकापाशी टपकन पडलं. आत नुसती पुट्टी! या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बराचसा भार त्या पट्टीच्या आतल्या पत्र्यावरच. तो सडला की गाडी मधे वाकते, दारं घासतात. दार लावून पाहिलं, घासलंच.

आप्पा म्हणाले, "भाऊ, हाऊ पत्रा नही, पापड शे."

1798 सीसीचं इंजिन मात्र एका सेल्फला सुरू! मी खूश. आप्पांनी रेडिएटरला हात लावायला सांगितलं. गरम. आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलेली, गरम इंजिन सहज सुरू होतं ना.

आरसीवरचे नंबर तेवढे गाडीवरच्या नंबरांशी जुळले. मालकांनी शेवभाजी प्रेमानं खाऊ घातली, किमतीचं काही निघालंच नाही. परतीच्या एसटीत आप्पा घोरत होते, मी फोटो झूम करून बघत होतो. पट्टी नवीन टाकायला किती येतील हो?