हे कशात धरायचं?

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६
अंबाजोगाई, रात्रीचे साडेनऊ

ही वही खरं तर पळण्याची. डावीकडं तारीख, मग मैल, झोपेचे तास, सकाळची नाडी आणि शेवटच्या रकान्यात 'पाय कसे'. अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षी कोचनं सगळ्यांना एकेक दिली होती. बाकीच्या पोरी लवकरच घड्याळावर आणि फोनवर गेल्या, मी वहीलाच चिकटून राहिले. शेवटची नोंद मे महिन्यातली. पुढची पानं कोरी आहेत आणि आई कोरं पान टाकू देत नाही, म्हणून आज रकाने ओलांडून लिहितेय.

आज पप्पांबरोबर जिल्ह्याला जाऊन आले. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं, त्यात माझं काही बसतं का ते विचारायला. फाईल जाडजूड. कॅन्सासातल्या कॉलेजाकडून डिव्हिजन टूची, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांतल्या दुसऱ्या पातळीची, चार वर्षं, क्रॉसकंट्रीचे (रानातल्या लांब शर्यतींचे) चार हंगाम, तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याची उडी असलेली शर्यत) कॉन्फरन्सचं, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटाचं, एक ब्राँझ आणि एक सिल्व्हर. साहेब भले होते, चहा पाजला. एकेक कागद उलटून बघितला, इंग्रजी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "चांगलंय हो, लईच चांगलंय. पण हे कशात धरायचं? भारताकडून खेळलात?" नाही. "मग आपल्या विद्यापीठाकडून, अखिल भारतीयला?" तेही नाही. शेवटी फाईलच्या तळाशी २०१९चं शालेय राज्यस्तरीयचं प्रमाणपत्र निघालं. सतरा वर्षांखालील, तीन हजार मीटर, तिसरी. "हां, हे पडताळणीला टाकता येईल बघा. पण लॅमिनेशन कशाला केलंत?"

परतताना पप्पा गप्प. केजजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा म्हणाले, "म्हणजे अनवाणी पळलीस ते धरलं, अन् प्लॉट विकून पळलीस ते नाही." आणि हसले. मग मीही हसले.

पण हे धरणं-न धरणं मला नवं नाही. तिकडं चार वर्षं तेच चाललं होतं. एनसीएए म्हणजे तिकडची कॉलेज खेळांची संघटना. तिचा नियम असा, की हंगामात खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांच्या वर सराव घ्यायचा नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यायची. ऐकायला गोड वाटतं. पण शर्यतीचा दिवस तीनच तासांचा धरतात, मग तुम्ही पहाटे चारला उठलेल्या असा की रात्री बाराला परतलेल्या. बसचा प्रवास धरत नाहीत. नडगीला बर्फ लावून बसलेला वेळ धरत नाहीत. नेब्रास्काहून रात्रभर येणाऱ्या बसमध्ये कपाळाला दिवा बांधून मी स्टॅटिस्टिक्सची गणितं सोडवली, ती तर कुणाच्याच हिशेबात नव्हती. अर्थात तक्रार नाही. बसमधली झोप आणि शेजारणीच्या खांद्यावर पडलेलं डोकं, हेच आता जास्त आठवतं.

शिष्यवृत्तीचंही तसंच. डिव्हिजन टूमध्ये मुलींच्या ट्रॅक आणि क्रॉसकंट्रीला मिळून १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा. पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, फेकणाऱ्या सगळ्या त्यातच. हे पॉइंट सहा काय प्रकरण आहे ते मला पहिल्या वर्षी कळेना. मग कळलं, की मीच ती पॉइंट. पूर्ण आकड्यांतल्या मुली वेगळ्या, आम्ही दशांश चिन्हाच्या उजवीकडच्या. उरलेल्या पैशांसाठी लातूर रोडचा प्लॉट गेला. तिसऱ्या वर्षी मेसचा खर्चही मिळायला लागला, तर मी परदेशी म्हणून त्यावर १४ टक्के कर. "खाल्लेल्या अन्नावर?" पप्पांना ते आजही पटलेलं नाही.

आणि पिझ्झा! मी पोचण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १ जुलै २०२१ला, तिकडच्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली होती. माझी खोलीतली मैत्रीण गोळाफेकवाली. गावातल्या पिझ्झावाल्याचे फोटो टाकून ती महिन्याचा वरखर्च काढायची. त्यानं मलाही एका फोटोच्या बदल्यात पिझ्झा देऊ केला. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, नको, विद्यार्थी व्हिसावर हे काम धरलं जाऊ शकतं. बघा, हे मात्र धरतात.

झोप येत नाही, तर ज्वारीचं लिहून टाकते. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्सासात पिकते, हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. सप्टेंबरातली पहिली लांब दौड, खडीचा सरळसोट रस्ता, आणि वळल्यावर दोन्ही बाजूंना लालसर कणसं. मी थांबलेच. मागून कोच ओरडली, पाय दुखतोय का? तिला काय सांगणार. संध्याकाळी आईला व्हिडिओवर दाखवली. आई म्हणाली, "कमरेएवढीच गं? कडबा काय निघणार हिचा?" ती बहुतेक जनावरांना आणि इथेनॉलला जाते म्हटल्यावर तिनं फोन पप्पांकडं दिला. मैलोन्‌मैल बांध नाहीत. भावकीची भांडणं कशावरून होत असतील, हा प्रश्न मला चार वर्षं पडला. ते लोक तिला 'मायलो' म्हणतात. पण त्या रस्त्यावर वारा समोरून आला की मी मनात गावाकडच्या फाट्यावरून पळायचे.

हंगाम संपला २०२५च्या मेमध्ये, शनिवारी. १० मिनिटं ५७ सेकंद, माझी सगळ्यात चांगली वेळ. शेवटच्या पाण्याच्या उडीला पाय खोल गेला, बुटात पाणी भरलं, आणि पुढचे दीडशे मीटर पचक पचक आवाज करत पळाले. सोमवारी सवयीनं साडेपाचला जाग आली. फोन उघडला तर त्यात सरावाची वेळच नाही. टीमच्या कॅलेंडरमधून नाव काढलेलं. काढणाराचं चुकलं नाही, यादी नवी करावीच लागते. पण मी अर्धा तास पलंगावर बसून होते, मोजे हातात घेऊन.

मग तासांच्या जागी दिवस मोजायला लागले. पदवीनंतर माझ्या विषयाला वर्षभर कामाची परवानगी, आणि त्यात बिनकामाचे दिवस ९०च्या वर जाता कामा नयेत. कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं रेघा मारायचे. ६३व्या रेघेला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनिसाचं काम लागलं. गुडघे बदललेल्या आजोबांना खुर्चीतून उठवायचं-बसवायचं, दहा-दहाचे तीन फेरे, मोजायचं मी. काम आवडलं. सप्टेंबरात एच-वन-बीच्या, म्हणजे तिकडं नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ते कुणाला लागू आणि कुणाला नाही, याचा घोळ महिनाभर चालला. चार खोल्यांच्या दवाखान्याचा मालक त्या घोळात कशाला पडेल? तो बिचारा माझ्याहून ओशाळला. डिसेंबरात निघून आले. कुणी हाकललं नाही, हे इथं निदान चौघांना समजावून झालंय.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशी घरी पोचले. दुसऱ्या दिवशी शेतात कोपीसमोर अख्खी भावकी, भज्जी, आंबील, आणि प्रत्येकाच्या तोंडी साबळे. असणारच. स्टीपलचेस म्हटलं की आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, आपल्याच जिल्ह्याचा, ८ मिनिटं ९.९१ सेकंद. थोरले काका आंबिलीची वाटी खाली ठेवून म्हणाले, "त्यो आठ मिनिटात येतो अन् तू अकरा मिनिटाला. मग मधली तीन मिनिटं काय करलालीस?" सगळे हसले. मी सांगितलं, की पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर, आमचा ७६.२, तुलना तशी होत नाही. मग मनात हिशेब केला: मुलींच्या स्टीपलचेसमध्ये भारताची पारुल चौधरी गेल्या वर्षी ९ मिनिटं १२ सेकंदांत धावली. म्हणजे पावणेदोन मिनिटांपुरतं काकांचं बरोबरच आहे.

रविवार, ११ जानेवारी
सकाळ

शाळेत पळायला शिकवणाऱ्या सरांनी बोलावलं होतं म्हणून मैदानावर गेले. तेच मैदान, तोच कडुनिंब, ट्रॅकची फक्की नवी. आठ पोरी. सर आता साठीला आलेत पण शिट्टी तीच, गळ्यातली दोरी बदललेली. "ही अमेरिकेहून आलीय," एवढंच बोलले आणि खुर्चीवर बसले. पोरींनी माझ्या बुटांकडं बघितलं.

मुकुंदराजाच्या दरीत उतरून परत, असा सराव घेतला. उतारावर एक पोरगी सारखी मागं पडत होती. डावा पाय जपून टाकते हे पाठीमागून दिसत होतं. वर आल्यावर तिला बाजूला घेतलं, नडगीवर अंगठा दाबून बघितला. आतल्या बाजूला, खालच्या तिसऱ्या हिश्शात, दचकली. ही जागा मला पाठ आहे, दुसऱ्या वर्षी सहा आठवडे मी तिच्यावरच काढले. तिला आठवडाभर पळणं बंद सांगितलं तर डोळ्यांत पाणी. शालेयची निवड जवळ आलीय म्हणे. सरांशी बोलले. सर कुरकुरले, मग म्हणाले, "तू म्हणतीस तर बसवू. पण मंगळवारी येऊन तूच बघ तिच्याकडं."

निघताना सवयीनं सगळ्यांना विचारत गेले, कोच विचारायची तसं, एकेकीपुढं थांबून: पाय कसे? पहिली गोंधळली. दुसरीनं सरांकडं बघितलं. सगळ्यात बारकी, फ्रॉकखाली ट्रॅकपँट घातलेली, म्हणाली, "हायत की."

किमी ९. झोप साडेसहा तास. नाडी बघितली नाही.
पाय कसे: हायत की.