नेट गेले तरी चालले पाहिजे: घरच्या सर्व्हरचा माझा अनुभव

रोजच्या वापराचे कोणतेही ॲप निवडताना मी आता एकच अट पाहतो: इंटरनेट बंद असताना ते घरातल्या घरात चालले पाहिजे. दापोली तालुक्यातील आमच्या गावात पावसाळ्यात जोडणी वारंवार तुटते, त्यामुळे या अटीला इथे फार अर्थ आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा दापोली-मंडणगड पट्ट्यात वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद राहिले. पंचनाम्यासाठी बागेचे आधीचे फोटो आणि सातबाऱ्याची प्रत हवी होती. ते सगळे इंटरनेटवरील दूरच्या संगणकांवर, म्हणजे सर्व्हरवर, सुखरूप होते, पण आमच्यापर्यंत येण्याची वाटच उरली नव्हती. पुढे १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर चढणारे नवे फोटो १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले, आणि घरातच आपली व्यवस्था उभी करायची हे आम्ही ठरवले.

सर्व्हर म्हणून मी मुद्दाम जुना लॅपटॉप घेतला. रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक काटकसरी असला तरी त्याला वेगळी बॅटरी जोडावी लागते. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावर यंत्र अचानक बंद पडत नाही आणि डेटाबेस (ॲप्सच्या नोंदींचा साठा) बिघडण्याचा धोका टळतो. त्यावर डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली बसवली, झाकण मिटले तरी यंत्र झोपू नये अशी मांडणी केली आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या वर भरणार नाही अशी मर्यादा घातली, कारण सतत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर खराब होते. सरासरी १५ वॅट धरले तर महिन्याला जेमतेम ११ युनिट वीज लागते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा घेतला.

जागेचा प्रश्न मला सॉफ्टवेअरइतकाच महत्त्वाचा वाटतो. ओटीवर खारा वारा थेट येतो आणि यूएसबीच्या तोंडांवर गंज चढतो, माळ्यावर उन्हाळ्यात उष्णता कोंडते, म्हणून माजघरातील कोरड्या भिंतीची फळी निवडली. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जर आणि नेटवर्कची तांब्याची वायर दोन्ही काढून ठेवायची, असा घरात नियम आहे. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही हे खरे, पण राउटरच्या ॲडाप्टरमधून आणि तांब्याच्या तारेतून वाहते.

पहिले सॉफ्टवेअर बसवले ते सिंकथिंग, आणि एकच काहीतरी निवडायचे झाले तर आजही मी तेच निवडेन. त्याला मधला सर्व्हर लागत नाही. एकाच वायफायवरची उपकरणे एकमेकांना शोधतात आणि ठरवून दिलेले फोल्डर परस्पर सारखे करतात. बाबा बागेतून येतात तेव्हा त्यांच्या फोनमधील फवारणीची नोंदवही आणि आंब्याच्या पेट्यांचा हिशेब काही क्षणांत लॅपटॉपवर उतरतो, बाहेर नेट असो वा नसो. अँड्रॉइडवरील मूळ ॲपचे काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबले, त्यामुळे आम्ही स्वयंसेवकांनी चालू ठेवलेली सिंकथिंग-फोर्क ही आवृत्ती वापरतो. मात्र एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावी लागली: एका ठिकाणी फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. म्हणून सर्व्हरच्या बाजूला जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू केली आहे, आणि तरीही सिंकथिंगला मी बॅकअप म्हणत नाही.

फोटोंसाठी इमिच हे गूगल फोटोजसारखे, पण घरच्या सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर बसवले. चेहरे ओळखणे, फोटो काढलेल्या ठिकाणाचे नाव शोधणे, शब्दांवरून शोधणे ही सगळी कामे ते घरच्याच यंत्रावर करते, त्यामुळे ८ जीबी रॅम असावी असे माझे मत आहे. शोधासाठी त्याचे मूळ मॉडेल (शब्द आणि चित्र जुळवणारा भाग) इंग्रजीपुरते आहे. सेटिंगमध्ये बहुभाषिक मॉडेल निवडले तर मराठी शब्दही चालतात, फक्त पहिल्यांदा सगळे फोटो नव्याने तपासताना जुना लॅपटॉप बराच वेळ तापतो. मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय मात्र दिसायला साधी आहे: घरच्या वायफायवर असताना ॲप घरातील पत्ता वापरते आणि बाहेर पडल्यावर आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाते. त्यामुळे नेट तुटलेले असतानाही आईला फोटो दिसतात. नुसत्या फोटोंच्या फोल्डरची प्रत काढून भागत नाही, कारण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावे डेटाबेसमध्ये असतात. इमिच रोज रात्री त्या डेटाबेसची प्रत स्वतः काढून ठेवते, ती प्रतही जपावी लागते.

कागदपत्रांसाठी पेपरलेस-एनजीएक्स घेतले, आणि इथे सर्वांत जास्त वेळ गेला. ते टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने स्कॅन केलेल्या कागदातील मजकूर वाचते, परंतु सुरुवातीला फक्त इंग्रजी वाचते. मराठीची भाषाफाइल जोडून वाचनाची भाषा मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही द्यावी लागते. त्यानंतर छापील सातबारा, फेरफार आणि घरपट्टीच्या पावत्या गट क्रमांकावरून किंवा नावावरून सापडू लागल्या. मूळ फाइल ते जशीच्या तशी ठेवते आणि शोधण्यायोग्य प्रत वेगळी करते, हे डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासाठी अत्यावश्यक आहे, कारण फाइलमध्ये बदल झाला की स्वाक्षरी पडताळता येत नाही. पणजोबांच्या काळातील खरेदीखते मोडीत आहेत आणि ती टेसरॅक्टला वाचता येत नाहीत. दापोलीतील मोडी जाणणाऱ्या एका वयोवृद्ध गुरुजींनी ती वाचून दाखवली, आणि प्रत्येक खताचा गोषवारा, साल आणि ठिकाणाचे नाव मी हाताने नोंदवले. ही मेहनत कोणतेही सॉफ्टवेअर वाचवत नाही, पण एकदा केली की भावंडांपैकी कोणालाही ते खत शोधता येते.

पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डनचा, म्हणजे घरच्या सर्व्हरवरच्या पासवर्डच्या तिजोरीचा, विचार केला होता. सर्व्हर बंद असताना त्यात नवी नोंद करता येत नाही, म्हणून लॅपटॉपवर कीपासएक्ससी आणि फोनवर कीपासडीएक्स ठेवले. दोन्ही एकच कूटबद्ध (पासवर्डशिवाय न वाचता येणारी) फाइल उघडतात आणि ती सिंकथिंगने फिरते. टीव्हीसाठी सर्व्हरवरचे व्हिडिओ दाखवणारे जेलीफिन आहे, त्यावर आई गावच्या नमनाची आणि जाखडीची चित्रीकरणे पाहते. घाटात नेटवर्क नसते तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले ऑरगॅनिक मॅप्स आधी उतरवून घेतलेल्या नकाशांवर रस्ता दाखवते.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणे हा स्वतंत्र प्रश्न होता. इथल्या जोडणीत इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरवर बाहेरून येण्याची वाट (पोर्ट) उघडून उपयोग होत नाही. आपली उपकरणे कुठूनही एकमेकांना खाजगीपणे जोडणाऱ्या टेलस्केलने हा अडसर दूर केला. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर उभे आहे आणि उपकरणांमधील वाहतूक कूटबद्ध असते. उपकरणांची ओळख जुळवणारा सर्व्हर मात्र त्या कंपनीचा आहे. ज्याला तेही नको असेल त्याच्यासाठी तोच सर्व्हर स्वतः चालवता येणारे हेडस्केल आहे, पण त्याला सार्वजनिक पत्ता असलेले दुसरे यंत्र लागते. घरातली सगळी कामे टेलस्केलशिवाय चालत असल्याने मी ही तडजोड स्वीकारली.

घरातच सगळे ठेवण्याचा धोकाही वादळानेच दाखवला होता: छप्पर उडाले तर सर्व्हरही भिजणार. म्हणून दुसरी प्रत धाकट्या भावाकडे डोंबिवलीला असते. ती मी रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने काढतो. ते माहिती पाठवण्यापूर्वीच कूटबद्ध करते आणि नंतर फक्त बदललेला भाग पाठवते. पहिली प्रत ४०० जीबीच्या आसपास होती, आणि १० एमबीपीएसच्या अपलोडने ती चढवायला अखंड चार दिवसांच्या जवळपास लागले असते, म्हणून गणपतीला आलेल्या भावाबरोबर डिस्कच पाठवली. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून त्याच्याकडे दिला आहे, कारण तो हरवला तर प्रत असूनही उघडणार नाही. दरवर्षी मे महिन्यात, मृग लागण्याआधी, भाऊ आमची मदत न घेता आपल्या यंत्रावर काही फाइली परत काढतो: एक सातबारा, एक मोडी खत, एका जुन्या वर्षाचे फोटो आणि कीपासची फाइल. त्या उघडल्याचा त्याचा फोन आला की बाबा त्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत तारीख टाकतात.