पहाटे तीन वाजताचा कोड

ती गाडी फ्लॅटबेडवरून आमच्या वर्कशॉपमध्ये उतरवली गेली तेव्हा तिला घेऊन जेमतेम सात-आठ महिने झाले होते. लांबलचक सेडान, चारही चाकांना एअर सस्पेन्शन म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी दाबाखालच्या हवेच्या स्प्रिंगा, दारापासून आसनापर्यंत प्रत्येक गोष्टीला मोटर, आणि कंपनीच्या यादीतले जवळजवळ सगळे पर्याय घेतलेले. जॉब कार्डांचा गठ्ठा मात्र एखाद्या जुन्या, थकलेल्या गाडीला शोभेल एवढा होता. सकाळी गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर एकामागून एक इशारे येतात, स्टिअरिंग जड होते, मधला मोठा स्क्रीन काळा राहतो, गिअर पडताना झटका बसतो, डिकी बटणाने उघडत नाही. आणि बहुतेक वेळा डिकी सोडून बाकी सारे थोड्या वेळाने आपोआप सुरळीत होते. या खेपेला गिअर ‘पी’मधून, म्हणजे पार्किंगच्या स्थितीतून, बाहेरच येईना, म्हणून गाडी उचलून आणावी लागली होती.

माझ्या टेबलावर अशाच गाड्या येतात, म्हणजे इतरांनी दुरुस्त झाल्या असे लिहून दिलेल्या आणि तरीही परत आलेल्या. या गाडीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून झाले होते, बॅटरी नवी घातली होती, आणि सर्व कंट्रोल युनिटांमधली, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांमधली, देवाणघेवाण सांभाळणारे गेटवे युनिटही बदलले होते. प्रत्येक उपायानंतर गाडी काही दिवस नीट चालली होती, आणि ही काही दिवसांची शांतताच सर्वांना फसवत आली होती.

मालकीणबाई गाडीबरोबरच आल्या होत्या आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. ‘दर वेळी तुम्ही कॉम्प्युटर लावता, त्यातल्या ओळी पुसता आणि गाडी ठीक आहे म्हणून सांगता,’ असे त्या म्हणाल्या. मी त्यांना बिघाडाबद्दल काही विचारण्याआधी त्या गाडी कशी वापरतात हे विचारले, तेव्हा त्यांनी फोनमधली टिपणे उघडून दाखवली. बिघाड झालेल्या प्रत्येक सकाळची नोंद त्यांनी ठेवली होती, आणि त्या नोंदी एकाखाली एक पाहिल्यावर एक गोष्ट सहज दिसत होती: गाडी रोज लांब पल्ल्याला जात असे त्या आठवड्यांत तक्रार नव्हती, आणि दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या सकाळी ती हमखास येत होती. एकाही जॉब कार्डावर हे लिहिलेले नव्हते, कारण त्या कागदावर तक्रारीला रकाना असतो, तक्रारीच्या आधीच्या दोन दिवसांना नसतो.

बॅटरीवर मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. या प्रकारची एजीएम बॅटरी (काचतंतूंच्या थरांत आम्ल शोषून ठेवणारी) पूर्ण भरलेली आणि विसावलेली असताना १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते, तेव्हा ११.४ म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली होती. आणि ही तर नुकतीच बदललेली. स्थिर व्होल्टेजचा बाहेरचा वीजपुरवठा जोडल्याशिवाय मी स्कॅनर, म्हणजे युनिटांनी साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र, लावत नाही, कारण तपासणीच्या वेळी जागी झालेली युनिटे उरलीसुरली बॅटरीही खातात आणि नवे खोटे कोड तयार होतात. हा पुरवठा जोडताना ऋण चिमटा बॅटरीच्या टोकाला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावायचा असतो, कारण आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा सेन्सर त्याच टोकावर बसलेला असतो आणि त्याला वगळून भरलेली वीज गाडीच्या हिशेबात धरली जात नाही. घाईत असलेले पुष्कळ जण हे पाळत नाहीत.

स्कॅनरवर चाळीसहून अधिक कोड आले. इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड ‘पी’ने सुरू होतात, बॉडीचे ‘बी’ने, चॅसीचे (ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन) ‘सी’ने आणि युनिटांमधल्या संपर्काचे ‘यू’ने, इथे निम्म्याहून अधिक ‘यू’ होते, म्हणजे अमुक युनिटाचा तमुक युनिटाशी संपर्क तुटला अशा परस्परांविरुद्धच्या तक्रारी. अपघाताच्या जागी जमलेल्या गर्दीत जो तो मोठ्याने बोलत असतो, पण आधी काय घडले ते पाहणारा एखादाच असतो, तसे या यादीचे असते. गेटवे बदलण्याचा निर्णय बहुधा अशाच यादीवरून घेतला गेला असावा, कारण सर्वांच्या तक्रारीत त्याचे नाव येणारच. सगळे निरोप त्याच्याच मार्गाने जातात.

मी यादी युनिटांप्रमाणे न वाचता वेळेप्रमाणे लावली. आजची युनिटे कोडबरोबर वेळ, किलोमीटर आणि त्या क्षणाचा व्होल्टेज साठवतात. स्टिअरिंग, कॅमेरा, स्क्रीन, गिअर सिलेक्टर यांचे सारे कोड सकाळी गाडी सुरू करतानाच्या एकाच मिनिटातले होते आणि बहुतेकांपुढे नऊ-दहा व्होल्टची नोंद होती. विजेवर चालणारे स्टिअरिंग जागेवर चाके वळवताना क्षणभर शंभर अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकते, तेव्हा व्होल्टेज पडला की पहिली हाक त्याची असणे स्वाभाविक आहे. या गर्दीत एकच कोड वेगळा होता. तो सस्पेन्शनच्या युनिटाचा होता, हवा भरणारा कंप्रेसर तापल्यामुळे थांबवला असे सांगणारा, आणि त्याची वेळ पहाटे तीनची होती. त्या वेळी गाडी कुलूप लावून उभी होती.

तरीही नेटवर्क तपासल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हते. कॅन ही दोन तारांवरची संदेशव्यवस्था बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली, आणि आजच्या गाडीत तिच्या अनेक स्वतंत्र शाखा असतात. शाखेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजले तर ६० ओहम यायला हवेत. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटवर हे मोजून समाधान मानण्याची पद्धत आहे, पण गेटवे असलेल्या गाडीत तिथे फक्त तपासणीची शाखा भेटते. मी चॅसीच्या शाखेवर तिच्या जोडणीपाशी मोजले, ६० ओहम आले. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही तारांचे सिग्नल स्वच्छ होते. नेटवर्कचा प्रश्न तिथे संपला.

उरला होता उभ्या गाडीचा करंट. हे मोजायला सोपे वाटते, आणि चुकते ते त्यामुळेच. बोनेट उघडे असल्याचे गाडीला कळले तर काही युनिटे झोपतच नाहीत, म्हणून बोनेटच्या कुलपाची खिट्टी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावी लागते. चावी दूर ठेवावी लागते, कारण ती जवळ असली की गाडी तिला ओळखत राहते. आणि एकही फ्यूज काढायचा नसतो, कारण तो परत लावताच झोपलेले युनिट जागे होते. बॅटरीच्या ऋण तारेभोवती क्लॅम्प मीटर अडकवला, त्याचे रेकॉर्डिंग सुरू केले आणि गाडी कुलूपबंद केली. करंट आठ अँपिअरवरून पायरीपायरीने उतरत अर्ध्या तासात २५ मिलिअँपिअरवर स्थिरावला. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी निर्दोष मानली जाते. आधीच्या दोन जॉब कार्डांवर हेच मोजमाप होते आणि पुढे ‘करंट योग्य’ असा शेरा होता. तो शेरा खरा होता, अर्ध्या तासापुरता.

मीटर मी काढला नाही. दुसऱ्या गाडीचे ब्रेक पाहत असताना मागून कंप्रेसरची घरघर ऐकू आली. आलेखावर २८ अँपिअरचा उंच खांब उभा राहिला होता, दीड मिनिट रुंद, आणि त्याच्यामागे जागी झालेली युनिटे पुढची दहा-बारा मिनिटे पाच-सहा अँपिअर खात होती. मग पुन्हा २५ मिलिअँपिअर. सुमारे दोन तासांनी पुन्हा तोच खांब. एका फेरीत साधारण दोन अँपिअर-अवर वीज जात होती. दिवसाच्या बारा फेऱ्या धरल्या तर २४, आणि दोन दिवसांत ४८. बॅटरी ९० अँपिअर-अवरची. शांत झोपलेली गाडी ४८ अँपिअर-अवर वीज संपवायला अडीच महिन्यांहून अधिक काळ घेईल, आणि ही दोन दिवसांत निम्म्याच्या खाली येत होती. मालकीणबाईंच्या टिपणांचा अर्थ या आलेखात होता.

सस्पेन्शनचे युनिट गाडी बंद असतानाही ठरावीक वेळाने क्षणभर जागे होऊन चारही कोपऱ्यांची उंची पाहते. एखादा कोपरा खाली बसला असेल तर आधी साठवण टाकीतली हवा वापरते, आणि टाकीचा दाबही उतरला तर कंप्रेसर चालवते. सलग किती वेळ चालायचे याला तापमानाची मर्यादा होती, पण दिवसभरात किती वेळा चालायचे याला या गाडीत कोणतीही अडकाठी दिसली नाही. हा विचार रचनाकारांनी करायला हवा होता असे माझे स्पष्ट मत आहे. हवा गळत होती, पण युनिट ती इतक्या इमानाने भरून काढत होते की गाडी प्रत्येक सकाळी चारही बाजूंनी सरळ उभी दिसे. एका कोपऱ्यात बसलेली गाडी कोणीही ओळखली असती. ही बसतच नव्हती, म्हणून सस्पेन्शनवर कोणाचा संशय गेला नाही.

स्कॅनरवर चारही सेन्सरांची उंची लावून ठेवली. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात डावा मागचा कोपरा चार-पाच मिलिमीटर उतरत होता, बाकीचे जागेवर होते. नेहमीप्रमाणे जॅक मोड (गाडी उचलताना उंची सांभाळणे थांबवणारी सोय) चालू करून गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घेतली, साबणाचे पाणी मारले, आणि एकही बुडबुडा आला नाही. मला ते अपेक्षितच होते. बॉडीखाली आधार देऊन गाडी उचलली की चाके लोंबकळतात, स्प्रिंगवरचा भार जातो आणि आतला दाब कमालीचा उतरतो. जी गळती सहा-सात बारला होते ती तिथे का दिसावी? गाडी चार खांबांच्या लिफ्टवर नेली, जिथे ती स्वतःच्या चाकांवर उभी राहते, चाकामागचे प्लास्टिकचे अस्तर सोडवले आणि हात जेमतेम पोचेल अशा जागी ब्रशने साबण लावला. बराच वेळ काही नव्हते. मग स्प्रिंगच्या माथ्यावर, जिथे हवेची नळी आत शिरते, तिथे मोहरीएवढे बुडबुडे एका बाजूने धरू लागले.

हवा सोडून नळी बाहेर काढली तेव्हा तिचे टोक तिरके कापलेले दिसले. नळीला पकडणाऱ्या जोडणीतील रबरी कडी एका बाजूने घट्ट बसली होती आणि दुसऱ्या बाजूने नावापुरती टेकली होती. कारखान्यात कोणाच्या तरी हातातले कापणीचे अवजार बोथट झाले असावे. टोक काटकोनात कापले, जोडणी नवी लावली, आणि पुन्हा साबण लावून पाहिले. कंप्रेसरही बदलण्याची शिफारस केली, कारण इतके महिने अवेळी चालून त्याच्या रिलेचे, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या विद्युत स्विचचे, संपर्क काळे पडले होते आणि हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर ओला झाला होता; तो ओलावा पुढे व्हॉल्व्हमध्ये गेला असता तर दोन वर्षांनी कोणाच्या तरी टेबलावर नवे कोडे आले असते.

डिकीचा बिघाड या सगळ्याशी संबंधित नव्हता. तिच्या कुलपाचा हुक बाजूला सरकून बसला होता, त्यामुळे मोटर जोर लावून थांबत होती. बोल्ट सैल केले, हुक सरळ केला, आवळले. गिअरबॉक्सची शिकलेली मूल्ये कंपनीच्या पद्धतीने पुन्हा बसवल्यावर झटकाही गेला.

त्या रात्री बॅटरी पूर्ण भरून, रेकॉर्डिंग लावून गाडी उभी ठेवली. सकाळी आलेखावर २५ मिलिअँपिअरची सरळ रेघ होती, अधूनमधून उंची पाहण्यापुरते बारीक टोक. इंजिन सुरू केले तेव्हा डॅशबोर्डवर एकही इशारा आला नाही. मालकीणबाईंनी आधीचा आणि आताचा असे दोन्ही आलेख छापून मागितले आणि खांब नेमका कशाचा, रुंदी कशाची, हे बारकाईने विचारून घेतले. मग त्यांनी विचारले की बॅटरी आणि ते युनिट बदलले ते कशासाठी. पहिली बॅटरी वारंवार रिकामी झाल्यामुळे कमजोर झाली असेल, ती बदलणे वाया गेले असे म्हणता येणार नाही. गेटवे मात्र चांगला होता, असे मी त्यांना सांगितले. सर्व्हिस अॅडव्हायझरला ते आवडले नाही.

त्याची अडचणही खरी आहे. वॉरंटीमध्ये कंपनी बदललेल्या भागाचे आणि तो बदलायला लागणाऱ्या ठरलेल्या वेळेचे पैसे देते. मीटर लावून चार-पाच तास वाट पाहण्याला त्या तक्त्यात सहजासहजी जागा मिळत नाही. त्यामुळे कोड दाखवेल तो भाग बदलून मोकळे होण्याकडे वर्कशॉपचा कल जातो, आणि ज्या गाडीत सगळी युनिटे एकमेकांशी बोलतात तिथे कोड दाखवेल तो भाग फार वेळा दुसऱ्याच्याच दुखण्याची बातमी देत असतो. या खेपेला वॉरंटीच्या अर्जासोबत मी दोन्ही आलेख, कोडांची वेळेनुसार यादी आणि तिरक्या टोकाचे छायाचित्र जोडले. काही आठवड्यांनी कंपनीचे उत्तर आले. नळीची दुरुस्ती आणि कंप्रेसर मंजूर झाले होते, परत पाठवलेल्या गेटवेवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा होता, आणि तपासणीच्या तासांपैकी निम्मे कापले होते.