तुम्ही विचारलंत म्हणून: पाटाचा माणूस समुद्रावर

लग्नात, दवाखान्यात, चाळीसगावच्या स्टँडवर, कुठंही ओळखीचं माणूस भेटलं की विचारतं, "नाना, आपल्या खानदेशात ना समुद्र ना खाडी. दाभोळहून थेट केरळपर्यंत बोटीनं जायचं, हे तुम्ही आखता तरी कसं?" शेजारच्या वहिनी सरळ अहिराणीत विचारतात, "नाना, तुम्हले पव्हता येस का?" येतं. गिरणेच्या डोहात शिकलो. पण पोहण्यापेक्षा जास्त कामी आली ती नोकरी.

31 वर्षं मी गिरणेच्या कालव्यांवर काढली, त्यातली बरीचशी जामद्याच्या कालव्यावर. शेजपाळीचा, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचा, कागद करायचा, पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज घ्यायचे, पाळी कुणाची कधी ते सांगायचं. धरणातून पाणी सुटलं म्हणजे टेलच्या, कालव्याच्या अगदी शेवटच्या, वावरात पोचलं असं नसतं. मध्ये भराव फुटतो, कुणी रात्री दार उचलतं, चारीत गाळ असतो. म्हणून "उद्या आठला पाणी येईल" असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. "बुधवार ते शुक्रवार गावातच राहा" असं सांगायचो. बोटीची आखणी मी याच हिशोबानं करतो.

बोट माझी एकट्याची नाही. दाभोळचा एक दोस्त, इंजिनाचा मिस्त्री, आणि मी मिळून घेतली. फायबरची, डिझेलवर चालणारी, हळू. हळू का, तर अशा जड बुडाच्या बोटीच्या वेगाला मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, 1.34 नं गुणायचं. 25 फुटांना 6.7 नॉट येतात; एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. त्यापुढे कितीही रेटलं तरी डिझेल जळतं आणि मागे लाट उठते, बोट काही पळत नाही. आम्ही 5 नॉट धरतो, म्हणजे तासाला सव्वानऊ किलोमीटर. सायकल यापेक्षा जोरात जाते.

दाभोळपासून केरळातल्या कोट्टपुरमपर्यंत किनाऱ्यानं साधारण 500 सागरी मैल. 5 नॉटांनी 100 तास. लोक म्हणतात, मग चार-पाच दिवसांत पोचाल की! तसं होत नाही. रात्री आम्ही चालत नाही, कारण अंधारात जाळी तरंगती ठेवणारे थर्माकोलचे तुकडे दिसत नाहीत आणि जाळ्याची दोरी बोटीच्या पंख्यात गुंतली की संपलं. दुपारीही चालत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, पाणी शांत असतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि लाट आखूड, उभी होते. म्हणून उजाडताना निघायचं, बाराच्या आत खाडीत शिरायचं. दिवसाला 25 मैल झाले तरी भरपूर. म्हणजे 20 दिवस चालणं, आणि वारा, दुरुस्ती, आजारपण यांसाठी 10 दिवस राखून ठेवलेले. त्या 10 दिवसांवरून घरात सगळ्यात जास्त वाद झाला आणि मी त्यातला एकही सोडला नाही.

भरतीचं गणित मला दोस्तानं बोटांवर शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. काटेकोर वेळ पाहायला छापील तक्ता असतोच, पण हे कधीही, कुठंही सुचतं. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, तेव्हा ओढ कमी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की ती तिथंच फुटते, म्हणून आत शिरायचं ते चढत्या पाण्यावर. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतलं अंतर कमी होत जातं, केरळात मीटरभरही राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दाभोळ ते मालवण जाऊन पाहिलं: जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. विजयदुर्गच्या अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. वाऱ्यानं बोट हळूहळू खडकांकडे सरकायला लागली. मी इंजिनाचं झाकण उघडायला धावलो. दोस्त ओरडला, "नाना, आधी नांगर!" नांगर टाकला, दोरी सोडत गेलो, ती ताणली आणि बोटीनं तोंड वाऱ्याकडे फिरवलं. तेव्हा कुठं त्यानं फिल्टरची काचेची वाटी माझ्यासमोर धरली. वर पिवळसर डिझेल, खाली दोन बोटं स्वच्छ पाणी, मधली रेघ पट्टीनं ओढल्यासारखी. आदल्या दिवशी कॅनमध्ये घेतलेल्या डिझेलात पाणी होतं. वाटी रिकामी केली, नळीतली हवा काढली, तासाभरानं निघालो. तेव्हापासून प्रत्येक कॅन रात्रभर स्थिर ठेवतो आणि तळाचं ओतत नाही. डिझेलचे तीन भाग करतो: एक जायला, एक परत यायला, एक हात न लावायला.

कोट्टपुरमला समुद्र सोडायचा. तिथून कोल्लमपर्यंत 168 किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग, 1993 साली जाहीर झालेला. खरं सांगतो, सगळा खटाटोप मी त्या कालव्यांसाठी करतोय. तिथं लाटेची भीती नाही, पण जलपर्णी पंख्याला वेढते आणि कमी उंचीच्या पुलाखाली छत काढावं लागतं. वाटेत वेंबनाड सरोवर, त्यावर तण्णीरमुक्कमचा बांध. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. उन्हाळ्यात खारं पाणी तिच्यात चढू नये म्हणून त्या बांधाची दारं पाडतात. आम्ही जन्मभर दार उघडलं ते वावरात पाणी यावं म्हणून. तिथं वावर वाचवायला दार बंद करतात. ती दारं चालवणाऱ्या माणसाशी मला बसून बोलायचंय. त्याच्याकडेही तक्रारींची वही असणार.

निघायचं ठरलंय मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला, सकाळी सहाच्या भरतीवर. पहिला मुक्काम जयगड. दुपारी तिथं ओहोटी असेल, पण जयगड खोल आहे, चालतं.

बायको रेल्वेनं कोल्लमला येणार आहे. तिकीट कुठल्या तारखेचं काढू, असं तिनं परवा विचारलं. मी तिला तारीख दिली नाही. चार दिवसांची मुदत दिली आणि त्या चार दिवसांत तिथं राहायची सोय बघून ठेव म्हटलं. "अजून पाटावरच आहात तुम्ही," असं म्हणत तिनं कॅलेंडरवर चारही दिवसांना गोल केला.